वीस शिलिंगांचं भांडण आणि आपली भलतीच चर्चा

टॅक्सवरून वाद पेटला की कधी ना कधी कुणीतरी जॉन हॅम्पडनचं नाव काढतोच. मग ठरलेलं सुरू होतं. एक पार्टी म्हणते बघा, सतराव्या शतकातला इंग्लंडमधला खासदार, राजाच्या तोंडावर टॅक्स भरत नाही जा म्हणाला, याला म्हणतात कणा, टॅक्स म्हणजे सरकारी दरोडाच असतो. दुसरी पार्टी म्हणते कसला कणा, गडगंज जमीनदार होता, वीस शिलिंग म्हणजे एक पौंड, तो भरायला याच्या जिवावर आलं, आणि पैसे कशासाठी मागितले होते तर देशाच्या नौदलासाठी, आजच्या टॅक्स चुकवणाऱ्या बड्या लोकांचा हा आद्य पुरुष. दोन्हीकडचे लोक हिरिरीनं भांडतात आणि त्या टॅक्सवरून, म्हणजे शिप मनी नावाच्या जहाजांसाठीच्या टॅक्सवरून, कोर्टात जी केस झाली ती दोघांनीही नीट वाचलेली नसते असं माझं मत आहे. कारण टॅक्स चांगला की वाईट यावर ती केस नव्हतीच. देशावर संकट आलंय हे कुणी ठरवायचं आणि ठरवणाऱ्याला कुणी जाब विचारायचा, यावर ती केस होती, आणि त्या प्रश्नावर हॅम्पडन बरोबर होता. तो माणूस म्हणून किती थोर होता, त्याचे साथीदार नंतर काय वागले, हे सगळं मान्य करूनही बरोबर होता.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. बकिंगहॅमशायरमधल्या ग्रेट हॅम्पडनचं जुनं जमीनदार घराणं, जन्म १५९५ च्या आसपास. वडील लहानपणीच गेले. आई क्रॉमवेल घराण्यातली, म्हणजे पुढे राजाला हरवून इंग्लंडवर राज्य करणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलची आत्या, थोडक्यात क्रॉमवेल याचा मामेभाऊ. ऑक्सफर्डला शिकला, लंडनला कायद्याचं शिक्षण घेतलं, १६२१ पासून पार्लमेंटमध्ये. आईची फार इच्छा होती की पोरानं खटपट करून सरदारकी मिळवावी, तेव्हा त्या पैसे मोजून मिळायच्यासुद्धा, पण यानं मनावर घेतलं नाही. सभागृहात फार बोलायचा नाही, समित्यांमध्ये बसून काम करायचा. म्हणजे भाषणं ठोकणारा क्रांतिकारक वगैरे डोळ्यासमोर आणू नका.

राजाशी त्याचं पहिलं वाजलं ते शिप मनीच्या आधी. १६२६-२७ मध्ये पहिल्या चार्ल्सनं पार्लमेंटला न विचारता श्रीमंत लोकांकडून सक्तीचं कर्ज उकळलं, हॅम्पडननं नकार दिला आणि तुरुंगात गेला. त्याचा जिवलग मित्र सर जॉन एलियट, तो तर पार्लमेंटमधल्या बोलण्यावागण्यासाठी टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबला गेला आणि १६३२ मध्ये तिथेच मेला. एलियट आत असताना त्याच्या पोरांची काळजी हॅम्पडन घेत होता, दोघांची पत्रं आजही आहेत. हे एवढ्यासाठी सांगतोय की 'एक पौंड वाचवायला कोर्टात गेला' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं, या माणसानं किंमत आधीच मोजलेली होती आणि पुढे काय होऊ शकतं ते जवळून पाहिलेलं होतं.

आता शिप मनी. जुनी वहिवाट अशी की युद्धाचा धोका आला तर राजा बंदरांच्या गावांकडून जहाजं किंवा त्याबदली पैसे मागू शकतो. १६२९ मध्ये चार्ल्सनं पार्लमेंट बरखास्त केलं आणि पुढची अकरा वर्षं बोलावलंच नाही. पार्लमेंट नाही म्हणजे नेहमीचे टॅक्स नाहीत. मग १६३४ मध्ये किनाऱ्यावरच्या गावांना शिप मनीचे हुकूम गेले, आणि १६३५ मध्ये सगळ्या देशाला, आतल्या जिल्ह्यांनासुद्धा. बकिंगहॅमशायरला समुद्राचा पत्ता नाही, त्यांना हुकूम आला की ४५० टनांचं जहाज द्या किंवा ४,५०० पौंड द्या. जहाज कुठून देणार, पैसेच द्यायचे होते, हे सगळ्यांना कळत होतं. (आपल्याकडे हा काळ म्हणजे निजामशाही नुकतीच बुडतेय, शहाजीराजे आदिलशाहीत जातायत, शिवाजीराजे पाच-सात वर्षांचे.)

१६३६ च्या जानेवारीत ग्रेट किंबल नावाच्या छोट्या गावात चर्चमध्ये माणसं जमली, कुणी किती द्यायचे आणि कोण देत नाही याची यादी करायला. न देणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर नाव जॉन हॅम्पडन, एकतीस शिलिंग सहा पेन्स. त्याच्याखाली गावातल्या साध्यासुध्या लोकांची नावं. आणि मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर ज्या कॉन्स्टेबल आणि आकारणी करणाऱ्यांवर ही यादी करून वर पाठवायची ड्युटी होती त्यांनी आपलीही नावं त्यात घातली. कोर्टात पुढे जी केस उभी राहिली ती दुसऱ्या गावच्या जमिनीची, स्टोक मँडेव्हिलची, तिथली आकारणी वीस शिलिंग, म्हणून तो आकडा प्रसिद्ध झाला. पण टॅक्स चुकवणारा माणूस असा वागतो का? टॅक्स चुकवणारा आकडे लपवतो, जमीन बायकोच्या नावावर करतो, आतून सेटिंग लावतो. इथे माणूस सरकारी यादीत पहिल्या नंबरवर स्वतःचं नाव लिहून देतोय आणि म्हणतोय चला कोर्टात.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात मजबूत म्हणणं घेऊ, कारण ते खरंच मजबूत आहे. धोका खोटा नव्हता. उत्तर आफ्रिकेतले चाचे थेट इंग्लंड-आयर्लंडच्या किनाऱ्यापर्यंत येऊन माणसं पळवून गुलाम म्हणून विकत होते, १६३१ मध्ये आयर्लंडमधलं बाल्टिमोर नावाचं गाव एका रात्रीत उचललं गेलं. डच आणि फ्रेंच आरमारं वाढत होती. आणि शिप मनीचा पैसा राजाच्या खिशात गेला नाही, खरोखर आरमारावर खर्च झाला. १६३७ मध्ये विल्यम रेन्सबरो नावाच्या कप्तानानं याच आरमारातली जहाजं नेऊन मोरोक्कोतल्या साले बंदराची नाकेबंदी केली आणि शेकडो कैदी सोडवून आणले. सुटून आलेल्या माणसाच्या बायकोला जाऊन विचारा की शिप मनी बेकायदा होता का, ती तुम्हाला झाडूनं मारेल. शिवाय आकारणीही आधीच्या टॅक्सपेक्षा जास्त रीतसर होती, असं अलीकडचे काही इतिहासकार सांगतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

तरीपण. हॅम्पडनचा वकील ऑलिव्हर सेंट जॉन, तोवर फारसा नाव नसलेला, त्यानं कोर्टात जे मांडलं ते बघा. तो म्हणाला नाही की राजाला संरक्षणाचा हक्क नाही. उलट म्हणाला आहेच, राजाच संरक्षण करणार, शत्रू दारात उभा असेल तर घर पाडून तटबंदी करायलाही कुणी परवानगी विचारत बसत नाही. पण हा हुकूम निघाला १६३५ च्या ऑगस्टमध्ये आणि जहाज हजर करायचं होतं पुढच्या मार्चमध्ये. सात महिने. पार्लमेंट बोलवायला नोटीस लागते चाळीस दिवसांची. जे संकट सात महिने थांबू शकतं ते चाळीस दिवस थांबू शकत नव्हतं का? या प्रश्नाला सरकारी वकिलांकडे धड उत्तर नव्हतं. उत्तर एकच होतं, की धोका आहे हे राजा म्हणतोय ना, झालं, त्यावर प्रश्न विचारायचा नाही.

आणि हे संकट दरवर्षी यायला लागलं. १६३४, ३५, ३६, ३७, दरवर्षी नवा हुकूम. वर्षाला साधारण दोन लाख पौंडांचं संकट, ठरल्यासारखं. आता चाच्यांचं बोलायचं तर १६३६ मध्ये हेच आरमार काय करत होतं? उत्तर समुद्रात हेरिंग मासे पकडणाऱ्या डच होड्यांना गाठून आमचं लायसन्स घ्या म्हणून पैसे मागत होतं. पडद्यामागे चार्ल्स स्पेनशी डचांविरुद्ध बोलणी करत होता, ती बकिंगहॅमशायरच्या शेतकऱ्याला कोण सांगणार? मला म्हणायचंय ते हे, की पैसा आरमारावरच खर्च झाला हे खरं असलं तरी ते आरमार कुणाविरुद्ध, कशासाठी, किती वर्षं, हे विचारायची एकमेव जागा होती पार्लमेंट आणि तिलाच कुलूप होतं. खर्च प्रामाणिक आहे हेसुद्धा तुम्हाला तपासता येत नसेल तर त्या प्रामाणिकपणाला तुम्ही काय मानणार, राजाची मेहरबानी?

कोर्टात काय झालं ते तर आणखी बघण्यासारखं आहे. १६३७ च्या शेवटी युक्तिवाद झाले, बारा जज होते आणि त्यांनी एकेक करून मतं द्यायला १६३८ चा जून उजाडला. निकाल ७ विरुद्ध ५, हॅम्पडन हरला. त्या पाचांमधले सगळे शूरवीर नव्हते, दोघे तर तांत्रिक मुद्द्यावर त्याच्या बाजूला आले. पण क्रोक आणि हटन यांनी सरळ मूळ प्रश्नावर सांगितलं की हे बेकायदा आहे. तेव्हा जजची नोकरी राजाच्या मर्जीवर होती हे विसरू नका. बहुमतवाल्यांमधले बार्कली म्हणाले की कायदा हा राजा आहे असं मी कधी वाचलं नाही, राजा हाच कायदा आहे हे मात्र अगदी खरं. फिंच म्हणाले की राजाला प्रजेकडून माणसं, माल, पैसा मागण्यापासून अडवणारा पार्लमेंटचा कायदा असेल तर तो कायदाच रद्दबातल. थांबा आणि हे वाक्य परत वाचा. केस सुरू झाली होती वीस शिलिंगांवर आणि निकाल गेला कुठपर्यंत, की तुमचं काहीही, कधीही, आणि पार्लमेंटचा कायदासुद्धा आड येणार नाही. राजाचाच पक्ष घेणारा इतिहासकार क्लॅरेंडन पुढे लिहितो की या निकालानं राजापेक्षा हरलेल्या माणसाचाच फायदा जास्त झाला. जे लोक आजवर गुपचूप भरत होते त्यांना कळलं की आपण काय मान्य करून बसलोय.

हे वाचताना मला १९७६ चा एडीएम जबलपूर खटला आठवल्याशिवाय राहत नाही. आणीबाणीत बेकायदा डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते का? सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध १ सांगितलं की नाही. तिथेही सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं होतं की पोलिसानं वैयक्तिक दुष्मनीतून कुणाचा जीवच घेतला तर? आणि सरकारी वकील नीरेन डे यांना कबूल करावं लागलं की आमचं लॉजिक धरलं तर तेव्हाही दाद नाही. बहुमतात आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. खन्ना एकटे पडले, सरन्यायाधीशपद गेलं, आणि तो निकाल औपचारिकपणे उलटवायला २०१७ उजाडलं, त्या बेंचवर चंद्रचूडांचेच चिरंजीव होते. आता कुणी म्हणेल १९७५ ची तुलना १६३५ शी कशी काय? तपशील वेगळेच आहेत, आपल्याकडे निदान नावाला संसद चालू होती. पण लॉजिक तेच आहे. संकट जाहीर करणारा एकटा, संकट संपलं हे सांगणाराही तोच, आणि मध्ये कोर्टाला तो म्हणतो तुमचा संबंध नाही.

दुसरा एक आक्षेप असतो की लोकांना एवढाच राग होता तर नव्वद टक्के पैसे भरले कसे? हो, १६३८ पर्यंत वसुली जवळपास तेवढी होती, आणि त्या काळातल्या कुठल्याही सरकारला हेवा वाटावा अशीच ती होती. पण वसुली कशी व्हायची बघा. जिल्ह्याच्या शेरिफला जबाबदार धरलेलं, रक्कम कमी पडली तर मागे ससेमिरा त्याच्याच. म्हणून तो कॉन्स्टेबलच्या मागे, कॉन्स्टेबल गावाच्या मागे, आणि कुणी नाही दिले तर त्याची गाय-बैल-घोडा ओढून न्यायचा. भरलं म्हणजे पटलं असं होतं का? पेट्रोल पंपावर आपण कुठे वाद घालतो, आपल्याला सगळं पटलेलं असतं का? हां, एवढं मान्य करायलाच हवं की वसुली कोसळली ती फक्त हॅम्पडनमुळे नाही. १६३९ मध्ये राजानं स्कॉटलंडशी युद्ध काढलं, त्याचेही पैसे लोकांवर, आणि त्या वर्षीच्या शिप मनीचा पाव हिस्साही धड आला नाही. हॅम्पडनभक्त ही स्कॉटिश भानगड सोयीस्करपणे गाळतात.

पण माझ्या मते खरा टोचणारा आक्षेप वर्गाचा आहे. पार्लमेंटची संमती संमती म्हणता ते पार्लमेंट होतं कुणाचं? जिल्ह्यात मत द्यायचं तर वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन हवी. बायका नाहीत, मजूर नाहीत, कुळं नाहीत. म्हणजे जमीनदारांनी राजाला सांगितलं की आमच्या खिशाला हात लावायचा तर आम्हाला विचारून. जॉन पिमसारखे हॅम्पडनचे जवळचे मित्र प्रॉव्हिडन्स आयलंड कंपनी चालवत होते, त्या बेटावर गुलाम राबत होते. स्वातंत्र्याच्या गप्पा आणि हे, दोन्ही एकाच टेबलावर. याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही आणि असूही नये.

पण एक गोष्ट बघा. तो साले बंदरावर गेलेला कप्तान विल्यम रेन्सबरो, शिप मनीच्या जहाजांचा हिरो, त्याचा मुलगा थॉमस. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं, त्यात तो पार्लमेंटकडून लढला, कर्नल झाला. १६४७ मध्ये लंडनजवळच्या पुटनीत पार्लमेंटच्या सैन्याची जी गाजलेली चर्चा झाली तिथे तो उभा राहिला आणि म्हणाला की इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब माणसालाही सगळ्यात मोठ्या माणसाइतकंच जगायचं असतं, म्हणून ज्यानं एखाद्या सरकारखाली जगायचं त्यानं आधी स्वतःच्या संमतीनं त्याखाली यायला हवं. समोर क्रॉमवेल आणि त्याचा जावई आयर्टन, दोघेही हादरले, आयर्टन म्हणत राहिला की मताला मालमत्ता हवीच. आता सांगा, रेन्सबरोनं 'संमती' हा मुद्दा आणला कुठून? दहा वर्षांपूर्वी जमीनदारांनीच तो भर कोर्टात मांडला होता. श्रीमंतांनी स्वतःच्या सोयीसाठी एखादं तत्त्व मांडलं की ते त्यांच्याच ताब्यात राहतं असं नाही, खालचा माणूस ते ऐकत असतो, आणि मग तो म्हणतो ठीकाय, हेच मला लावा. हॅम्पडननं गुपचूप वीस शिलिंग भरून आतून सवलत मिळवली असती, जशी बरेच जण मिळवत होते, तर खालच्यांच्या हाती काय लागलं असतं?

राहिला दुटप्पीपणाचा मुद्दा, तो तर आरोप करणाऱ्यांना वाटतो त्याहून वाईट आहे. युद्ध सुरू झाल्यावर पार्लमेंटनं जे टॅक्स लावले त्यापुढे शिप मनी म्हणजे चिल्लर. १६४३ च्या सुरुवातीला दर आठवड्याची आकारणी आली, तेव्हा हॅम्पडन जिवंत होता आणि युद्ध चालवणाऱ्या कमिटीत होता, त्यामुळे त्याला यातून सोडवता येत नाही. जुलैमध्ये एक्साइज आला, तोच आपण आजही ज्याला एक्साइज म्हणतो त्याचा पूर्वज, बिअरवर, नंतर मिठावर, मांसावर. पुढे क्रॉमवेलच्या राज्यात एका टप्प्यावर महिन्याला १,२०,००० पौंड वसूल होत होते, म्हणजे दोन महिन्यांत शिप मनीचं अख्खं वर्ष भरून निघालं. आणि १६५४-५५ मध्ये जॉर्ज कोनी नावाच्या रेशमाच्या व्यापाऱ्यानं म्हटलं की ही जकात पार्लमेंटनं मंजूर केलेली नाही, मी देणार नाही, तेव्हा हॅम्पडनच्या सख्ख्या मामेभावानं काय केलं? कोनीच्या वकिलांनाच आत टाकलं. मुख्य न्यायाधीश रोल यांनी वैतागून राजीनामा दिला. आणि आपला तो ऑलिव्हर सेंट जॉन? तोही तोवर दुसऱ्या एका कोर्टाचा मुख्य न्यायाधीश होऊन बसला होता.

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, बघा, म्हणजे हॅम्पडनचं सगळं ढोंग. मला उलट वाटतं. कोनी जे बोलला तो शब्दनशब्द हॅम्पडनचाच युक्तिवाद होता. ज्या तत्त्वावर तुम्ही राजाला हरवलंत त्याच तत्त्वानं उद्या कुणीही तुम्हाला कोर्टात उभं करू शकतो, याचीच तर क्रॉमवेलला भीती वाटली, नाहीतर एका रेशीमवाल्याच्या वकिलांना तुरुंगात कशाला टाकायचं? तत्त्व खोटं होतं म्हणून नाही, खरं होतं म्हणून अडचण झाली. चार्ल्सनं तर निदान हॅम्पडनच्या वकिलांना पूर्ण बोलू दिलं होतं, हे राजाच्या बाजूनं नोंदवायला हवं.

आता पहिल्या पार्टीकडे, म्हणजे 'टॅक्स म्हणजे दरोडा'वाल्यांकडे. त्यांनी हॅम्पडनचा फोटो लावणं बंद करावं. तो टॅक्सच्या विरोधात कधीच नव्हता, आठवड्याच्या आकारणीचं वर सांगितलंच. ४ जानेवारी १६४२ ला चार्ल्स शस्त्रधारी माणसं घेऊन ज्या पाच जणांना पकडायला सभागृहात घुसला त्यात हा होता, त्यानंतर त्यानं आपल्या जिल्ह्यातून हिरव्या कोटांची पलटण उभी केली, आणि १८ जून १६४३ ला चॅलग्रोव्हच्या मैदानात जखमी होऊन सहा दिवसांनी टेम गावात मेला. खांद्यात गोळ्या लागल्या की स्वतःचंच पिस्तूल हातात फुटलं, यावर इंग्रज लोक इतके भांडले की १८२८ मध्ये एकानं कबर उकरून बघितली, आणि तरी वाद मिटला नाही कारण उकरलेला देह त्याचाच होता का हेच पक्कं नाही. असो. सांगायचं काय तर सरकार नकोच म्हणणारा माणूस असा मरत नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं उदाहरण हवं असेल तर १८९६-९७ चा दुष्काळ घ्या. टिळक आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन सांगत होते की सरकारच्याच फॅमिन कोडमध्ये, म्हणजे दुष्काळाच्या नियमांत, सूट लिहिलेली आहे, पीक बुडालं असेल तर भांडीकुंडी विकून सारा भरू नका, सूट मागा. सारा द्यायचाच नाही असं ते म्हणाले नाहीत, तुमचाच कायदा आहे तो पाळा म्हणाले. आणि सरकार कशावर चिडलं? सरसकट बंडापेक्षा यावरच जास्त, सभेची मान्यताच काढून घेतली. कायद्याचं पुस्तक हातात घेऊन आलेल्या माणसाशी बोलायला सत्तेला फार जड जातं.

आपल्या घटनेत २६५ वं कलम आहे, एका ओळीचं. कायद्याच्या अधिकाराशिवाय कुठलाही कर लावता येणार नाही की वसूल करता येणार नाही. या ओळीच्या मागे पार्लमेंटच्या संमतीशिवाय टॅक्स नाही म्हणणारं १६२८ चं पिटिशन ऑफ राइट आहे, शिप मनी बेकायदा ठरवणारा १६४१ चा कायदा आहे, तेच पुन्हा पक्कं करणारं १६८९ चं बिल ऑफ राइट्स आहे. म्हणून पुढच्या वेळी एखादा नवा सेस, सरचार्ज, अमुक संकट निधी आला की 'पैसा चांगल्या कामाला जातोय ना, मग गप्प बसा' आणि 'सगळे टॅक्स चोरीच' या दोन्ही आरोळ्या जरा बाजूला ठेवा आणि सेंट जॉनचे प्रश्न विचारा. हे कुणी ठरवलं? सभागृहात किती वेळ चर्चा झाली? किती वर्षांसाठी आहे? हिशोब कोण तपासणार? आणि एवढी काय घाई होती की चाळीस दिवस थांबता आलं नाही?